टॉयलेटला जाण्यापुरती भाषा

आयर्लंडमधल्या कुठल्याही माणसाला, टॅक्सीवाला असो की बँकेतला साहेब, विचारून बघा की तुला आयरिश येतं का. आधी हसतो, मग जरा ओशाळतो आणि मग एकच वाक्य धडाधड म्हणून दाखवतो: अन विल क्यॅद अगम दुल गो जी अन लेहरस. अर्थ काय, तर बाई, मी टॉयलेटला जाऊ का. तेरा-चौदा वर्षं रोज वर्गात भाषा शिकली आणि उरलं काय तर करंगळी वर करायचं वाक्य.

हे मी चेष्टेने सांगत नाहीये. डब्लिनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, पोरगा इथल्याच शाळेत तिसरीत आहे आणि तोही घरी आला की हेच वाक्य म्हणत बाथरूमकडे पळतो. शाळेच्या गेटवर त्याच्या मित्राचा बाबा उभा असतो, पक्का डब्लिनचा माणूस, त्याला एकदा सहज विचारलं की होमवर्कमध्ये जरा मदत करशील का, आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, तर तो म्हणाला की तुझ्या पोरालाच विचार, माझं पण सगळं गेलंय. तेव्हा मला वाटलं हा एकटाच असेल. नाही, अख्खा देश असा आहे.

२०२२च्या जनगणनेचे आकडे बघा ना. आयरिश बोलता येतं असं लिहिणारे १८ लाख ७४ हजार, म्हणजे देशातले ४० टक्के. वाचून वाटतं वा, काय छान. पण पुढचा प्रश्न असा की शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलता का, तिथे आकडा ७२ हजारांवर येतो. पन्नास लाखांच्या देशात ७२ हजार, म्हणजे शंभरातले दीडसुद्धा नाहीत. आणि येतं म्हणणाऱ्यांतच पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की आम्ही कधीच बोलत नाही.

गंमत म्हणजे नव्या माणसाला हे सुरुवातीला कळतच नाही, कारण ही भाषा डोळ्यांना सगळीकडे दिसते. रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर वर तिरप्या अक्षरात आयरिश, खाली ठळक कॅपिटलमध्ये इंग्लिश. पोलीस म्हणजे गार्डा, संसदेचं खालचं सभागृह म्हणजे डॉल, ट्राम म्हणजे लुअस, त्याचा अर्थ वेग. मी पहिल्या आठवड्यात बसवर 'अन लार' अशी पाटी बघितली आणि मला वाटलं हे कुठलं तरी उपनगर असणार, एवढ्या बस तिथे जातायत म्हणजे घरं स्वस्त असतील, तर अन लार म्हणजे सिटी सेंटर! पंतप्रधानाला तीशख म्हणतात, अगदी इंग्लिश बातम्यांतही. २०१७ला लिओ वराडकर झाले तेव्हा आपल्याकडच्या पेपरांनी मालवण तालुक्यातल्या वराड गावचा नातू पंतप्रधान झाला म्हणून पानं भरली होती, पण त्या पदाचं नाव कुणाला धड लिहिता येत नव्हतं. असो.

आणि राज्यघटना? १९३७ची घटना, आठवं कलम: आयरिश ही राष्ट्रभाषा म्हणून पहिली राजभाषा, इंग्लिश दुसरी. पहिली! म्हणजे एका भाषेला जेवढं मिळू शकतं तेवढं सगळं मिळालं, स्वतःचा देश, घटनेत पहिला पाट, प्रत्येक शाळेत सक्ती, आणि २००७पासून युरोपियन युनियनची अधिकृत भाषा. तरीही ७२ हजार.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आयर्लंडने भाषेला मान दिला, भाकरी नाही दिली. बाकी जे काही झालं ते याचंच पुढचं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की इंग्रजांनी मारली भाषा. मारलीच, पण कशी मारली ते बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १३६६ला किलकेनीचे कायदे झाले, की इंग्लंडहून येऊन वसलेल्यांनी आयरिश बोलायचं नाही, बोललात तर जमीन जप्त. हे कायदे लिहिले होते नॉर्मन फ्रेंचमध्ये, म्हणजे इंग्लिश बोला असं फ्रेंचमध्ये सांगितलं. काही उपयोग झाला नाही, कारण तेव्हा जमीन, लग्नं, गाणी, दोस्ती-दुश्मनी सगळं आयरिशमध्ये चालत होतं आणि बाहेरून आलेलाच हळूहळू आयरिश होत होता. नुसत्या कायद्याने भाषा ना मेली ना तगली. मग १६०१ला आयरिश सरदार इंग्रजांशी किन्सेलची लढाई हरले, १६०७ला उत्तरेकडच्या अल्स्टरचे सरदार देश सोडून गेले, मग इंग्लिश सेनापती क्रॉमवेल आला, आणि जमिनी इंग्लिश बोलणाऱ्यांच्या हातात गेल्या. इथून खरं फिरलं. कवींना पोसणारे सरदारच उरले नाहीत. खंड भरायचा इंग्लिशमध्ये, कोर्टात उभं राहायचं इंग्लिशमध्ये. तरी १८००च्या सुमाराला जवळपास निम्मा देश आयरिश बोलत होता, हे लक्षात ठेवा.

१८३१ला सरकारी प्राथमिक शाळा आल्या, शिकवणं इंग्लिशमधून. आणि तो प्रकार, त्याला बता स्कोर म्हणायचे: पोराच्या गळ्यात दोरीने एक काठी बांधायची, तो आयरिश शब्द बोलला की काठीवर एक खाच, आणि शेवटी खाचा मोजून तेवढे फटके. ऐकून अंगावर काटा येतो. पण या गोष्टीतला माझ्या घशात अडकलेला भाग वेगळाच आहे. घरी पोरगा आयरिश बोलला तर खाच कोण पाडायचं? आईबाप. ज्या आईबापांना स्वतःला इंग्लिश येत नव्हतं ते! डॅनियल ओकॉनेल, त्या काळचा आयरिश पुढारी, ज्याच्या सभांना लाखो लोक यायचे, त्याची स्वतःची भाषा आयरिश, तोही म्हणायचा की इंग्लिश जास्त उपयोगाची आहे, आयरिश हळूहळू गेली तर मला काही हळहळ नाही.

मग १८४५ला बटाट्याला, म्हणजे गरिबांच्या रोजच्या जेवणालाच, रोग पडला. पुढच्या सात वर्षांत दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली, आणि मेली-गेली ती जास्त करून पश्चिमेकडची गरीब माणसं, म्हणजे नेमकी आयरिश बोलणारी. १८५१ला जनगणनेत पहिल्यांदा भाषा विचारली तेव्हा १५ लाख उरले होते, चौथा हिस्सासुद्धा नाही. त्यानंतर घराघरात हिशोब सरळ झाला. पाचातली तीन पोरं बोटीत बसून बॉस्टनला नाहीतर लिव्हरपूलला जाणार, तर त्यांना इंग्लिश पाहिजे. म्हातारा-म्हातारी आपापसात आयरिश बोलायचे आणि पोरांशी मोडकंतोडकं इंग्लिश. हे दृश्य मला पुस्तकात वाचायची गरज नाही, 'बेटा, ॲपल फिनिश कर' हे मी कोथरूडमध्ये रोज ऐकत वाढलोय. या आईबापांना मी शिव्या देऊ शकत नाही. पोर उपाशी मरू नये एवढंच त्यांना पाहिजे होतं आणि ते बरोबर होतं.

म्हणजे भाषा गेली ती पोटामुळे. शाळेने फक्त दार लावलं.

आता पुढे बघा काय झालं. १८९३ला डग्लस हाइड आणि ओइन मॅकनील वगैरे मंडळींनी आयरिश भाषा जगवायला गेलिक लीग नावाची संस्था काढली. हाइड हा प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, पुढे १९३८ला देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. लीगचं काम बघितलं तर मजा वाटते, संध्याकाळचे वर्ग, नाच, गाणी, सायकलवर फिरणारे मास्तर, कारकून आणि दुकानातल्या पोरी हौसेने यायच्या. हौस होती तोवर छान चाललं. १९२२ला देश स्वतंत्र झाला आणि या लोकांनी, जे आता मंत्री वगैरे झाले होते, असा विचार केला की भाषा शाळेने मारली ना, मग शाळाच जिवंत करेल. घोळ इथे झाला असं मला वाटतं. लहान वर्गात सगळं आयरिशमधून, ज्या पोरांच्या घरी पिढ्यानपिढ्या एक शब्द नाही त्यांनाही. शिक्षकांच्याच संघटनेने १९४१ला अहवाल दिला की यामुळे पोरांचं नुकसान होतंय, पण ऐकतंय कोण. १९७३पर्यंत नियम असा होता की आयरिशमध्ये नापास म्हणजे शाळेची शेवटची परीक्षाच नापास, बाकी विषयांत कितीही मार्क पडू देत. सरकारी नोकरीलाही आयरिश लागायचं, पण नोकरी लागल्यावर बोलायचं कुणाशी? ऑफिस इंग्लिशमध्ये चालायचं.

आणि जिथे भाषा खरोखर घरात होती, पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारा, केरी, डोनेगल, ज्या भागांना गेल्तख्त म्हणतात, तिथून माणसं जातच राहिली. बॉस्टनची बोट चालूच होती.

याचं एक उदाहरण मला फार बोचतं. केरीच्या किनाऱ्यासमोर ग्रेट ब्लास्केट नावाचं बेट आहे, तिथे पेग सेयर्स नावाची बाई राहायची. आयरिश लिहिता येत नव्हतं, तिने आपलं आयुष्य तोंडी सांगितलं, मुलाने लिहून घेतलं, १९३६ला पुस्तक आलं. गरिबी, पोरांचे मृत्यू, समुद्र. पुढे कित्येक वर्षं हे पुस्तक शाळेत सक्तीचं होतं, आणि आज पन्नाशीत असलेल्या आयरिश माणसासमोर पेगचं नाव काढा, चेहरा कडू होतो. म्हातारीचा काय दोष? पण बेटाचं काय झालं ते बघा. डॉक्टर नाही, वादळ आलं की आठवडा-आठवडा होडी नाही, तरुण पोरं अमेरिकेला गेलेली, शेवटी उरलेल्या लोकांनीच सरकारला सांगितलं की आम्हाला इथून हलवा आणि १९५३ला बेट रिकामं झालं. म्हणजे बेटावर माणसं ठेवणं जमलं नाही, आणि बेटावरच्या म्हातारीची गोष्ट डब्लिनच्या पोरांना पाठ करायला लावली.

याच्या उलटं उदाहरणही आहे, आणि ते त्याच सरकारचं आहे म्हणून जास्त चीड येते. १९३५ला कॉनेमारातली २७ कुटुंबं उचलून डब्लिनजवळच्या मीथ काउंटीत वसवली. प्रत्येकाला घर आणि २२ एकरांच्या आसपास चांगली जमीन. दगडधोंड्यांत बटाटे लावणारी माणसं एकदम गाईगुरं पाळायला लागली. आजूबाजूच्या लोकांना ते खुपलं, सरकारही नंतर विसरून गेलं, अधिकृत गेल्तख्त म्हणून मान्यता मिळायला १९६७ उजाडलं. पण रा खार्न नावाचं ते गाव आजही आयरिश बोलतं, चारी बाजूंनी इंग्लिश असताना. ना तिथे घोषणा होत्या ना पुतळे. जमीन होती, शेजारी आपले होते, बस.

बाकी ज्या दोन-तीन गोष्टी खरंच चालल्या त्या लोकांनी स्वतः भांडून मिळवल्या. कॉनेमारातल्या तरुणांनी १९७०च्या ईस्टरला चक्क बेकायदा रेडिओ सुरू केला, आपल्या भाषेत, आणि सरकारची एवढी लाज गेली की १९७२ला रेडिओ ना गेल्तख्ता नावाचं खरंखुरं स्टेशन आलं. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये तर कमालच. तिथे सरकार ब्रिटिश, आयरिशला कुत्रं विचारत नव्हतं, तर काही तरुण जोडप्यांनी शॉज रोडवर जागा घेतली, आपल्या हातांनी घरं बांधली की आपली पोरं आयरिश बोलत वाढतील, आणि १९७१ला नऊ पोरांची शाळा काढली. कित्येक वर्षं सरकारी पैसा नाही. आज बेलफास्टमध्ये आयरिश माध्यमाच्या शाळा आहेत, आणि नीकॅप नावाची रॅप करणारी पोरं आयरिशमध्ये शिव्या देऊन जगभर स्टेज गाजवतायत. काही जणांना आवडत नाही, मला आवडतं. ज्या भाषेत पोरांना शिव्या द्याव्याशा वाटतात त्या भाषेची तब्येत बरी आहे असं मी समजतो.

इथे या शॉज रोडच्या लोकांनी घर आधी बांधलं आणि शाळा नंतर, हे मला महत्त्वाचं वाटतं. दक्षिणेत उलटं झालं.

आता जे लोक म्हणतात की मग सक्ती काढून टाका, त्यांच्याशी माझं भांडण आहे. हे नवीन नाही, १९६६लाच सक्तीविरोधी चळवळ झाली होती, डब्लिनच्या मॅन्शन हाउसमधल्या त्यांच्या सभेत राडा झाला होता. त्यांचा मुद्दा वरवर पटतो: जबरदस्तीने प्रेम होत नाही. पण गणितावर तरी कुणाचं प्रेम असतं? शाळेतून काढली तर उद्या ४० टक्क्यांचे ४ होतील आणि पाट्यांवरचं आयरिश वाचणारा पण कुणी उरणार नाही. सक्ती हा रोग नाही, पण सक्ती हेच औषध असं समजून बाकी सगळं सोडून दिलं, तो रोग. वेल्स बघा, त्यांना तर स्वतःचा देशही नाही, १९२२सारखं काही झालंच नाही, तरी २०२१च्या जनगणनेत पाच लाख अडतीस हजार लोकांनी वेल्श येतं म्हणून सांगितलं आणि तिथल्या काही गावांत दुकानात, चर्चमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर वेल्श सहज ऐकू येते. त्यांच्याकडे बायबल १५८८लाच वेल्शमध्ये आलं, चर्चची भाषा झाली, कोळशाच्या खाणी घराजवळ होत्या त्यामुळे पोट भरायला सगळ्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही. आयर्लंडच्या नशिबी ना ते ना ते.

आणि मला तर घरातच दिसतं की शाळेतल्या तासाचा काहीच उपयोग नाही हे खरं नाही. पोरगा परवा म्हणाला, बाबा, आयरिशमध्ये 'आय हॅव अ कार' म्हणता येत नाही, 'गाडी माझ्याकडे आहे' असंच म्हणावं लागतं. मी म्हटलं, अरे, मग हे मराठीच झालं की! ते टॉयलेटचं वाक्य पण तसंच आहे, 'परवानगी आहे का माझ्याकडे'. भूक लागली तर 'भूक आहे माझ्यावर' म्हणतात. हो-नाहीला वेगळे शब्दच नाहीत, आपण जसं 'जेवलास का'ला 'जेवलो' म्हणतो तसं क्रियापद परत म्हणायचं. तीनला त्री म्हणतात, गाईला बो, माणसाला फ्यार, आणि हा फ्यार म्हणजे आपल्या वीरचा चुलतभाऊ. आठ वर्षांच्या पोराला इंग्लिशपेक्षा आयरिशमध्ये आजीची भाषा दिसली, याचं मला किती बरं वाटलं सांगू शकत नाही. भारतातून आलेले काही आईबाप सूट मिळेल का म्हणून धडपडतात, उशिरा आलेल्या मोठ्या पोरांना मिळतेही, पण मी तरी घेतली नसती.

सरकार आता, उशिरा का होईना, बरोबर दिशेला चाललंय असं वाटतं. २०२१ला कायदा बदलला, २०३०पर्यंत सरकारी नोकरीत नव्याने लागणाऱ्यांपैकी २० टक्के लोकांना नीट आयरिश आलं पाहिजे. युरोपियन युनियनमध्ये भाषांतरकार मिळत नव्हते म्हणून १५ वर्षं सवलत होती, ती २०२२ला संपली, आता ब्रसेल्समध्ये आयरिशवर पगार मिळतो. १९९६पासून आयरिश टीव्ही चॅनेल आहे, आज टीजी फोर म्हणतात, त्याचं ऑफिस मुद्दाम कॉनेमारात ठेवलं, तिथल्या पोरांना कॅमेरा, एडिटिंगची कामं मिळाली. हे सगळं भाकरीच्या खात्यात जमा होतं.

पण एक हाताने देतायत आणि दुसऱ्या हाताने जातंय. कॉनेमारा आणि डिंगल हे आयर्लंडचे सगळ्यात देखणे किनारे, तर डब्लिनच्या पैसेवाल्यांनी तिथे सुट्टीची घरं घेऊन ठेवलीत, बाकीची पर्यटकांना रोजच्या भाड्याने. हिवाळ्यात ओळीने घरं अंधारात आणि गावातल्या शिक्षिकेला भाड्याने खोली मिळत नाही. अलिबागच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. गेल्तख्तमध्ये आज एक लाख सहा हजार लोक राहतात, त्यातले रोज शाळेबाहेर आयरिश बोलणारे वीस हजारांच्या आसपास, आणि त्या वीस हजारांची पोरं लग्न करून राहणार कुठे हा आजचा खरा भाषेचा प्रश्न आहे. त्यावर भाषेच्या खात्याकडे उत्तर नाही, ते घरबांधणीच्या खात्याकडे आहे. याउलट २००५ला त्यांनी काय केलं, तर गेल्तख्तमधल्या गावांची इंग्लिश नावं कायद्यातून काढली. डिंगलचं अन दँगन झालं, गावातलेच लोक भडकले की पर्यटक नकाशात डिंगल शोधतो, त्याला सापडणार कसं, २००६ला मतदान घेतलं आणि बहुसंख्य लोकांनी नाव परत मागितलं. पाटी बदलायला काय लागतं हो. परवडणारी घरं बांधायला लागतं.

मराठीला २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या इथल्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मी पण टाकला, खोटं कशाला बोलू. आठ कोटींची भाषा आणि ७२ हजारांची भाषा यांची तुलना होत नाही, आपल्याला भीती नाही, असं सगळे म्हणतात. असेल. पण १८००मध्ये निम्म्या देशाची भाषा असलेल्यांनाही भीती वाटली नसणार, आणि काठीवर खाच पाडणाऱ्या बापाला तर नक्कीच नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये कॉनेमाराला गेलो होतो. कॅरारोच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाच्या दुकानात गेलो, काउंटरवर दोन बायका बोलत होत्या, आयरिशमध्ये, भराभर, मध्येच हसत. आम्ही दारातून आत आलो आणि वाक्याच्या मध्येच भाषा बदलली, गोष्ट तीच चालू राहिली पण इंग्लिशमध्ये. पाहुण्यांसमोर इंग्लिशच बोलायचं ही सवय त्यांना कुणी लावली ते आता सांगत नाही. पोराला जायचं होतं. त्याने मान वर करून शाळेत शिकवलेलं वाक्य म्हटलं, पूर्ण, एकही चूक नाही. बाई एवढी खुश झाली, पुढे वाकली आणि काहीतरी लांबलचक सांगायला लागली, हाताने मागचं दार दाखवत. पोरगा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं. एक शब्द कळला नव्हता त्याला. तिने परत सांगितलं, इंग्लिशमध्ये, की किल्ली त्या खिळ्याला आहे.